पाणी जागेवर, लाट पुढे

(साक्री येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धुळे जिल्ह्यात शिल्पकलेवर बोलायचं तर एक नाव आधी घ्यावं लागतं, आणि ते अभिमानानं घ्यावं असंच आहे. धुळ्याजवळच्या गोंदूर गावात 1925 साली जन्मलेले राम सुतार. नर्मदेच्या काठी केवडियाला त्यांनी घडवलेल्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचं लोकार्पण 31 ऑक्टोबर 2018 रोजी झालं. उंची 182 मीटर. आपल्यापैकी बरेच जण तो पाहून आले असतील. पाहून आलेला माणूस उंची सांगतो, चेहऱ्यावरचा भाव सांगतो, लिफ्टनं छातीपर्यंत जाता येतं ते सांगतो. पुतळ्याच्या पोटात काय आहे ते मात्र कुणाला दिसत नाही. आत प्रत्येकी अडीचशे टनांची दोन वजनं बसवलेली आहेत. इतकी उंच वस्तू वाऱ्यात अगदी ताठ उभी राहू शकत नाही. ती डोलते, आणि डोलण्याची तिची स्वतःची एक लय असते. त्या लयीशी या वजनांची लय जुळवून घेतलेली आहे. पुतळा एका बाजूला झुकू लागला की वजनं मागे रेंगाळतात, त्याला उलट ओढतात, आणि डोलणं तिथल्या तिथं जिरतं. जगातला सर्वांत उंच पुतळा निश्चल दिसतो, तो पोटातली पाचशे टनांची वजनं हलायला मोकळी ठेवली आहेत म्हणून.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण इथं जमलो ते गुरुजी आयुष्यभर गणित शिकवत राहिले. त्यांच्या नावानं भरणाऱ्या सभेत शिल्पावर बोलायचं ठरवलं, तेव्हा मला असं शिल्प हवं होतं की ज्यातून गणित काढून घेतलं तर हातात काहीच उरणार नाही. अशी शिल्पं आहेत. त्यांना गतिशिल्पं म्हणतात. केवडियाच्या पुतळ्यात गती दडवलेली आहे, दाबून टाकलेली आहे. गतिशिल्पात गती हाच आकार असतो.

हे नीट समजायला लाटेपासून सुरुवात करू. माघ-फाल्गुनात कान नदीच्या खोऱ्यात गहू भरात येतो. वारा सुटला की शेतावरून एक लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत सरकत जाते. डोळे तिच्यामागे धावतात. पण धावलं काय? एकही ओंबी जागची सुटलेली नाही. प्रत्येक ताट आपल्या मुळावर उभं राहून थोडं वाकलं आणि सरळ झालं. शेजारचं ताट त्याच्यामागून क्षणभरानं वाकलं. त्याच्या शेजारचं आणखी क्षणभरानं. खोल पाण्यातही हेच चालतं. लाट किनाऱ्याकडे येते, पाण्याचा थेंब मात्र गोल फिरून जवळजवळ मूळ जागी येतो. पाणी जागेवर राहतं, आकार प्रवास करतो.

शिल्पकार हजारो वर्षं दगड, लाकूड, धातू यांना आकार देत आला. आकार वस्तूला चिकटलेला असतो असं धरूनच त्याचा हात चालायचा. लाट सांगते की आकार वस्तूपासून सुटू शकतो, एका वस्तूतून दुसरीत जाऊ शकतो, आणि वस्तू तिथंच राहते. हे शिल्पात आणायचं कसं, हा विसाव्या शतकातल्या काही कलावंतांपुढचा प्रश्न होता.

1919-20 च्या सुमारास, रशियात यादवी युद्ध पेटलेलं असताना, नाउम गाबो या शिल्पकारानं मॉस्कोत एक बारीक पोलादी सळई उभी केली. विजेवरच्या जुन्या घंटीचं यंत्र मिळवून ते तिच्या बुडाशी जोडलं. कळ दाबली की सळई थरथरते, सळई म्हणून दिसेनाशी होते, आणि हवेत एक फुगीर, पारदर्शक आकार उभा राहतो. मध्ये फुगलेला, पुढे आवळलेला, पुन्हा फुगलेला. प्रवाह थांबला की पुन्हा एक सळई. त्या आकाराला वजन नाही, पण तो खोटा नाही, कारण तो मोजता येतो. थरथरीची गती बदलली तर फुगवटे बदलतात, आणि किती बदलतात ते आधी कागदावर काढता येतं. कलाकृतीचं नावच त्यानं ‘स्थिर लाट’ असं ठेवलं. विद्यार्थ्यांना आपलं म्हणणं दाखवायला केलेली ही छोटी रचना आज गतिशिल्पाच्या इतिहासात पहिल्या पानावर आहे.

आता थोडा वेळ एका माणसाजवळ थांबतो, कारण लाटेचा ध्यास त्याच्याइतका फार थोड्यांनी घेतला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात रूबेन मार्गोलिन नावाचे शिल्पकार आहेत. हार्वर्डमध्ये गणित शिकायला गेले आणि इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे इटलीत आणि रशियात जाऊन चित्रकला शिकले. मग युटाच्या डोंगराळ भागात फिरताना त्यांना एक हिरवी अळी दिसली. अळी चालते कशी ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. शेपटीकडून एक उंचवटा उठतो, अंगावरून सरकत डोक्याकडे जातो आणि अळी तेवढी पुढे जाते. अंगाच्या एकेका वळीला विचारलं तर ती म्हणेल, मी फक्त वर झाले आणि खाली झाले. मार्गोलिनना ती चाल लाकडात हवी होती. तिच्यामागे ते वर्षानुवर्षं लागले, आणि त्यातून त्यांची लाटांची शिल्पं निघाली: छतापासून टांगलेली, लाकडाच्या पट्ट्यांची, दोऱ्या आणि कप्प्यांवर चालणारी, शांतपणे उचंबळणारी.

ती चालतात कशी ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर होणार नाही. समजा एक लांब दांडा आहे आणि त्यावर एकासारख्या एक वीस चकत्या बसवल्या आहेत. दांडा चकतीच्या मध्यातून न जाता थोडा बाजूनं जातो. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये याला एक्सेंट्रिक म्हणतात. यंत्रमागावर काम केलेल्यांना टॅपेट माहीत असेल, धागे वर-खाली करणारा. तेच हे घराणं. प्रत्येक चकतीवर एक दोरी आणि दोरीला एक पट्टी. दांडा फिरला की पट्टी वर-खाली होणार. सगळ्या चकत्या एका रेषेत बसवल्या तर वीसही पट्ट्या एकदम वर जातील, एकदम खाली येतील. ती कवायत झाली. आता दुसरी चकती पहिलीच्या 18 अंश मागे बसवा. तिसरी दुसरीच्या 18 अंश मागे. असं करत वीस चकत्यांमध्ये 360 अंशांचा एक फेरा पुरा होतो. आता दांडा फिरवला की पट्ट्यांच्या रांगेतून एक पूर्ण लाट धावू लागते. 18 च्या जागी 36 अंश घेतले तर दोन लाटा. 9 घेतले तर अर्धी. लाकूड तेच, दोरी तीच, चकत्या त्याच.

मग लाट नेमकी आहे कुठे? पट्टीत नाही, कारण एक पट्टी फक्त वर-खाली करते. चकतीत नाही, कारण सगळ्या चकत्या सारख्या आहेत. लाट त्या अठरा अंशांत आहे. शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या किती मागून हलायचं, या ठरावात आहे. मला आज एवढंच सांगायचं आहे, बाकीचं सगळं त्याचाच विस्तार आहे. दगडाच्या शिल्पात जी जागा दगडाची, ती इथं गणिताची आहे. छिन्नी चालते ती अंशांवर.

मार्गोलिन पुढे जाऊन एक अवघड गोष्ट करतात. चौरस जाळी टांगून तिच्यात दोन बाजूंनी दोन लाटा सोडतात, एक पूर्व-पश्चिम आणि एक उत्तर-दक्षिण. जिथं दोघींचे माथे भेटतात तिथं जाळी दुप्पट वर उठते, जिथं माथा आणि खळगा भेटतात तिथं ती सपाट. दोन गतींची ही बेरीज करतं कोण? संगणक नाही. दोरी करते. दोरीचं एक टोक पक्कं बांधा, ती एका सरकत्या कप्पीवरून न्या, मग दुसऱ्या सरकत्या कप्पीवरून, आणि मोकळ्या टोकाला पट्टी लावा. पहिली कप्पी एक इंच सरकली तर टोक दोन इंच सरकतं. दुसरी अर्धा इंच सरकली तर आणखी एक इंच. टोक दोन्हींची बेरीज करून दुपटीनं दाखवतं, आणि एक कप्पी उलट गेली तर वजाबाकी करून दाखवतं. हिशेब दोरीतच होतो.

ही युक्ती जुनी आहे आणि तिचं आपल्या किनाऱ्याशीही नातं आहे. समुद्राची भरती-ओहोटी चंद्राच्या, सूर्याच्या आणि त्यांच्या चालींतल्या बारीकसारीक फरकांच्या अनेक लाटा मिळून बनते. त्या सगळ्यांची बेरीज हातानं करणं म्हणजे महिन्यांचं काम. लॉर्ड केल्विननं 1872 मध्ये एक यंत्र रचलं. प्रत्येक लाटेसाठी एक फिरती कप्पी, आणि सगळ्या कप्प्यांवरून जाणारी एकच तार, जिच्या टोकाला लेखणी. 1879 मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली लंडनमध्ये असंच मोठं यंत्र खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी बांधलं गेलं, वीस लाटा एकत्र करणारं. मुंबई बंदरात गलबतं कधी आत घ्यायची, याची कोष्टकं अशा यंत्रातून निघू लागली. तारेवर नाचणाऱ्या त्या पितळी कप्प्या पाहून एखाद्या शिल्पकाराला हेवा वाटावा. बांधणाऱ्यांनी त्या यंत्राला कला म्हटलं नाही, एवढंच.

लाटेचं गणित ज्या फलनावर उभं आहे त्याला आज आपण साइन म्हणतो, जुन्या ग्रंथांत ज्या. इथं मला चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला जायचं आहे. पाटणादेवीच्या परिसरातला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथं मठ स्थापन केला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, अशी त्यात नोंद आहे. काळ 1207 च्या आसपासचा. खानदेशच्या डोंगराच्या कुशीत त्या काळी ‘सिद्धान्तशिरोमणी’चे वर्ग भरत होते, ही गोष्ट आपल्या शाळांतल्या प्रत्येक मुलाला पाठ असायला हवी. कारण 1150 साली लिहिलेल्या या ग्रंथात दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत आहे. अठरा अंश मागे असलेल्या चकतीवरची पट्टी या क्षणी किती उंचीवर आहे, हे काढायला नेमकी तीच रीत लागते.

आणखी एक गोष्ट त्यात आहे, ती मला जास्त सुंदर वाटते. ग्रहाची दिवसभराची सरासरी गती आणि त्या क्षणाची गती यांत भास्कराचार्य फरक करतात. क्षणाच्या गतीला ते तात्कालिक गती म्हणतात, आणि ज्या किती झपाट्यानं बदलते ते कोटिज्येवर, म्हणजे कोसाइनवर, अवलंबून आहे हे ओळखतात. मार्गोलिनच्या जाळीखाली उभं राहिलेल्या माणसाला हे डोळ्यांनी दिसतं. पट्टी माथ्यावर पोचते तेव्हा क्षणभर थबकते, मधल्या उंचीवरून जाताना तिचा वेग सर्वांत जास्त असतो. त्या थबकण्यामुळेच लाट श्वास घेतल्यासारखी वाटते. समान वेगानं वर आणि समान वेगानं खाली नेलं असतं तर यंत्र करवतीसारखं दिसलं असतं.

त्याच ग्रंथाच्या यंत्राध्यायात आपोआप फिरणारं चाक आहे. हलक्या लाकडाचं चाक, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे, सगळे एका बाजूला किंचित वळलेले, आणि आऱ्यांत निम्मा पारा. फिरवून दिलं की पारा एका बाजूला बाहेर धावतो, दुसऱ्या बाजूला आत येतो, आणि चाक फिरत राहतं असं ग्रंथ सांगतो. तसं ते फिरत राहू शकत नाही. एका फेऱ्यात पारा जितका खाली उतरतो तितकाच वर चढतो, मिळकत शून्य, आणि आसावरचं घर्षण तर चालूच. पण हे चाक डोळ्यांपुढे आणून बघा. वळलेल्या आऱ्यांतून एकामागून एक सरकणारा चकचकीत पारा. शिल्प म्हणून ते आजही बांधण्यासारखं आहे. पुढे अरबी आणि युरोपीय ग्रंथांत अशी चाकं दिसू लागली, आणि त्यांचा माग काही अभ्यासकांनी भारतापर्यंत नेला आहे.

आता हे टेबलावरचं बघा. आडव्या लाकडी पट्टीला पंधरा दोऱ्या, प्रत्येक दोरीला ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून आणलेला एकेक नट. सर्वांत लांब दोरी साधारण 34 सेंटीमीटर, सर्वांत आखूड 21. लांबी अंदाजानं घेतलेली नाही. लांब लंबकानं एका मिनिटात 51 झोके घ्यावेत, त्याच्या शेजारच्यानं 52, पुढच्यानं 53, असं करत शेवटच्यानं 65. झोक्याचा काळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, हे तुमच्यापैकी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. त्यावरून प्रत्येक लांबी काढली आणि दोरी बांधली. एका मिलिमीटरची चूक झाली तरी मिनिटाच्या शेवटी ती उघडी पडते.

(इथं लंबकांची चौकट चालवून दाखवली.)

फळीनं पंधराही नट एकदम मागे ओढले आणि एकदम सोडले. पहिल्या काही सेकंदांत सरळ रांग वाकू लागली, साप सळसळतो तशी. मग वळणं वाढली. विसाव्या सेकंदाला तीन-तीनचे ताल दिसले. मग सगळं विस्कटल्यासारखं झालं, आणि तिसाव्या सेकंदाला रांगेच्या दोन रांगा झाल्या: एक सोडून एक नट या टोकाला, उरलेले त्या टोकाला. कारण अर्ध्या मिनिटात पहिल्याचे साडेपंचवीस झोके झाले आणि दुसऱ्याचे पुरते सव्वीस. मिनिट भरलं तेव्हा सगळे पुन्हा एका ओळीत. मधल्या काळात जो विस्कोट दिसला तो विस्कोट नव्हताच. प्रत्येक क्षणी प्रत्येक नट जिथं असायला हवा तिथंच होता, आपल्या डोळ्यांना तो नमुना वाचता आला नाही. मागच्या रांगेतून एका आजोबांनी विचारलं, ‘हाई काय शे?’ दादा, हे शिल्प शे. आणि ते करायला सुतारकामाची एक पट्टी, दोरी आणि पाढे एवढंच लागलं.

एकाची लय दुसऱ्यात शिरते, याचा नमुना खानदेशात दगडविटांत उभा होता. एरंडोल तालुक्यातल्या फरकांडे गावचे झुलते मनोरे. वर चढून एक मनोरा हलवला की दुसराही हलायचा. सारख्या उंचीचे, सारख्या बांधणीचे दोन मनोरे खालच्या बांधकामानं जोडलेले असले की एकाचं कंपन दुसऱ्याला पोचतं, आणि दुसऱ्याची स्वतःची लय तीच असल्यामुळे तो ते उचलून धरतो. असाच चमत्कार अहमदाबादच्या सीदी बशीर मशिदीच्या मनोऱ्यांचा सांगतात. फरकांड्याच्या मनोऱ्यांपैकी एक पडून गेला. जे उरलं आहे ते जपणं हे पुरातत्त्वाचं काम आहे तितकंच पदार्थविज्ञानाचंही आहे, आणि त्याबद्दल आपण खानदेशी माणसांनी फार कमी आवाज उठवला, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या तालुक्याकडे येतो. ब्राह्मणवेलच्या पठारावर उभं राहिलं की नजर जाईल तिथपर्यंत पवनचक्क्या. गावकरी त्यांना पंखेच म्हणतात. वाऱ्यानं दिशा बदलली की पंख्यांची तोंडं हळूहळू वळतात, सगळ्यांची एकदम नाही. ती वीज करायला उभारलेली यंत्रं आहेत, कुणी ती शिल्प म्हणून रचलेली नाहीत. पण वाऱ्यावर हलणारं शिल्प म्हणजे काय, हे या पठारावर वाढलेल्या मुलाला वेगळं शिकवावं लागणार नाही.

वाऱ्यावर चालणारी शिल्पं करणारा सर्वांत मोठा माणूस आपल्या शेजारी येऊन गेला होता. अलेक्झांडर काल्डर, शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनियर. 1955 च्या सुरुवातीला साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून तो अहमदाबादला आला आणि तिथंच राहून त्यानं शिल्पं केली. पत्र्याच्या पानांसारखे तुकडे, तारेच्या दांड्या, आणि तराजूच्या नियमानं साधलेला तोल. एक दांडी हलली की तिच्या टोकाला टांगलेली दुसरी हलते, तिच्या टोकाची तिसरी. नेदरलँड्सचे थिओ यान्सेन 1990 पासून पिवळ्या प्लास्टिकच्या नळ्यांचे प्राणी करतात, वाऱ्यावर समुद्रकिनाऱ्यानं चालणारे. त्यांच्या पायाचं सगळं रहस्य नळ्यांच्या लांब्यांच्या प्रमाणांत आहे. ती प्रमाणं त्यांनी संगणकावर पायांच्या पिढ्यांमागून पिढ्या निपजवून, चांगले पाय निवडत काढली. प्रमाण चुकलं की पाय जमिनीवर सपाट न टेकता उड्या मारतो.

पण लाटेचं शिल्प माणसांच्या अंगांनी करायचं असेल तर आपल्या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात या. कोकणा बांधवांचा पावरी नाच. पावरीवाला मध्ये, मोठं भोपळ्याचं आणि शिंगाचं वाद्य घेऊन, आणि भोवती एकमेकांच्या कमरेमागे हात गुंफलेली नाचणाऱ्यांची साखळी. हात गुंफलेले असल्यामुळे कुणी सुटा नाही. टोकाच्या माणसानं पाय टाकला, अंग वाकवलं की ते वाकणं शेजाऱ्याच्या अंगात जातं, त्याच्या शेजाऱ्याच्या, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावत जातं. रात्र चढत जाते तशी साखळी एका अंगाची होते. अठरा अंश तिथं कुणी मोजलेले नसतात, ते कमरेच्या हातांना कळतात. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चंकी मूव्ह या नृत्यसंस्थेनं मार्गोलिन यांच्या शिल्पाला नर्तकांची अंगं दोऱ्यांनी जोडली. नर्तक वाकला की छताची जाळी उचंबळायची. जगानं त्याचं कौतुक केलं आणि ते रास्तच होतं. माझं म्हणणं असं की त्या प्रयोगाचा अर्थ ज्यांना सर्वांत आधी कळला असता ती माणसं आपल्या डोंगरपाड्यांवर आहेत. त्यांच्या नाचाकडे आपण सत्काराच्या कार्यक्रमातली पाच मिनिटं म्हणून बघतो. तो रचनेचा अभ्यास म्हणून बघायला हवा.

हातांचं म्हणाल तर तेही आपल्याकडे आहेत. गणपतीत हलते देखावे करणारी पोरं धुळ्यात, मालेगावात, आपल्या गावातही आहेत. गाडीच्या वायपरची मोटर, सायकलची चेन, लाकडी चकत्या घेऊन ती अफझलखानाचा हात उचलतात, गरुडाचे पंख हलवतात. त्यांना टॉर्क कळतो, स्लिप कळते, कुठं ग्रीस टाकायचं ते कळतं. मात्र गती त्यांच्याकडून आपण फक्त सजावट म्हणून मागितली: मूर्ती आधी, हलणं नंतर. त्यांना कुणी कधी म्हटलं नाही की मूर्ती नको, नुसती लाट करून द्या. एकदा म्हणून बघायला हवं. सोबत गणिताचा शिक्षक द्यावा, सोनगीरच्या पितळकारांपैकी कुणी यावं, आणि पावरीच्या साखळीत नाचलेला एक जण असावाच, कारण चाल बरोबर पडली की नाही हे सांगणारा कान त्याच्याकडे आहे.

माझी मागणी अगदी नेमकी आहे. साक्रीत एका मोकळ्या जागी वाऱ्यावर चालणारं लाटेचं शिल्प उभं राहावं. वीस पट्ट्या, वीस चकत्या, एक दांडा. वर उभा रोटर, म्हणजे वारा कुठूनही आला तरी तो फिरेल. विजेचं बिल नाही. पण देखभाल आहे, आणि त्याबद्दल आधीच बोलायला हवं, कारण चालती शिल्पं चोरीपेक्षा दुर्लक्षानं जास्त मरतात. मोठमोठ्या संग्रहालयांतही ती बंद ठेवलेली आढळतात: पट्टा तुटला, मोटर जळाली, जोडणारा माणूस राहिला नाही. चौकातल्या पुतळ्याला वर्षातून एकदा हार घातला की भागतं, याला दर महिन्याला हात लावावा लागेल.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि बारीक धूळ सगळीकडे शिरते, म्हणून बेअरिंग बंद प्रकारचं लागेल, उघडं चालणार नाही. सुती दोरी वापरू नये. पावसात ती भिजली की आखडते, बाजेची दोरी पावसाळ्यात कशी ताठ होते ते आठवा, आणि वीस दोऱ्या कमी-जास्त आखडल्या की लाट मोडली. पोलादी तार घ्यावी, तिच्या शेवटी लांबी जुळवायचा स्क्रू असावा आणि तो एखाद्या शाळेच्या ताब्यात द्यावा. नववीच्या वर्गानं वर्षातून दोनदा पट्ट्यांच्या उंच्या मोजून आलेख काढायचा. आलेखात लाट सुबक आली नाही तर कुठली तार ढिली आहे ते लगेच कळेल. त्रिकोणमितीचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

पट्ट्या सागाच्या घ्याव्यात की बांबूच्या, यावर मात्र मला तुमच्यातल्या सुतारांचं ऐकायचं आहे. बांबू हलका आहे, कमी वाऱ्यातही चालेल. पण त्याची पेरं सारखी नसतात, आणि वीसही पट्ट्यांचं वजन सारखं भरल्याशिवाय दांडा एकसारखा फिरायचा नाही.